यंत्र राखावे तर राखेसकट

लिस्बन शहराच्या पश्चिम अंगास, जेथे टेगस नदी अटलांटिक महासागराला मिळण्याच्या बेतात असते, तेथे बेलेम नावाचा नदीकाठ आहे. आपल्या गतवैभवाची इतकी स्मारके इतक्या थोड्या जागेत मांडून ठेवण्याची हौस दुसऱ्या कोणत्याही लहान राष्ट्राने केली असेल असे आम्हांस वाटत नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा पांढरा बुरूज तेथे आहे. जेरोनिमुश मठ आहे व त्यात वास्को द गामाचे थडगे आहे. गलबताच्या नाळेसारखे नदीवर झुकलेले, १९६० साली पक्क्या बांधणीत उभे केलेले, ५२ मीटर उंचीचे 'शोधांचे स्मारक' आहे. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर एका उंच स्तंभावर अफोंसो द आल्बुकर्क उभा आहे. ज्याने १५१० साली गोवे घेतले तोच हा! ८ जुलै १४९७ रोजी गामाची गलबते निघाली ती याच काठावरून. आणि तिचा शेवट आमच्या बाजूने पाहावयाचा तर तो १९ डिसेंबर १९६१ रोजी झाला. अशा काठाकडे मराठी वाचकाने केवळ प्रवाशाच्या कौतुकाने पाहावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

या रांगेच्या पूर्वेस थोडक्या अंतरावर, अगदी पाण्याच्या कडेला, तांबड्या विटांची एक थोरली इमारत आहे. तिच्या उंच खिडक्या आणि चढती शिखरे पाहून दुरून येणाऱ्यास ते एखादे प्रार्थनामंदिर वाटावे. वस्तुतः ते वाफेवर चालणारे वीजगृह आहे. 'सेंत्राल तेझू', म्हणजे तेझूचे वीजगृह, हे त्याचे नाव. कारण इंग्रजी पुस्तकांच्या नादाने आपण जिला टेगस म्हणतो त्या नदीचे घरचे नाव तेझू असे आहे. रोमन अक्षरांवर विसंबून वाचणारा मराठी माणूस त्या नावाचा उच्चार 'तेजो' असा करील, आणि आमचे काही व्युत्पत्तिपंडित तेवढ्या भांडवलावर या नदीचा संबंध संस्कृत 'तेजस्'शी जोडून मोकळेही होतील! त्यांना तूर्त दुरूनच नमस्कार. १९०९ पासून १९७२ पर्यंत या वीजगृहाने वीज निर्माण केली. आता तेथे संग्रहालय आहे, भोवती नदीकाठची बाग आहे, आणि संध्याकाळी लोक तेथे हवा खाण्यास येतात.

आमचे म्हणणे सरळच सांगून टाकतो. बेलेमच्या काठावरील साऱ्या स्मारकांत प्रामाणिक असे स्मारक हे एकच आहे; आणि त्याचा हा प्रामाणिकपणा तेथे ठेविलेल्या वाफेच्या यंत्रांत, जनित्रांत आणि त्यांच्या खालच्या राखेच्या तळघरात आहे, विटांच्या शोभिवंत भिंतीत नाही. ही साधी गोष्ट आज दोन प्रकारच्या लोकांना मान्य नाही. पहिला प्रकार म्हणतो, इमारत ठेवा व यंत्र भंगारात घाला. दुसरा म्हणतो, यंत्रही ठेवा, पण ते घासूनपुसून, रंगवून, चित्रामागच्या पडद्यासारखे ठेवा. पहिल्यांशी भांडणे सोपे आहे. दुसरे अधिक सभ्य व म्हणूनच अधिक घातक होत.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे. कारण त्याविषयी बोलणाऱ्या दहा सुशिक्षितांपैकी नऊ जणांना वाफेपासून वीज कशी होते हे विचारले असता ते खिडकीबाहेर पाहू लागतात, असा आमचा महाविद्यालयीन अनुभव आहे. कोळसा नदीतून होड्यांनी येई व माणसांच्या अंगमेहनतीने काठावर उतरे. इमारतीपुढल्या ज्या चौकात त्याचे ढीग पडत त्या चौकाला आजही 'कोळशाचा चौक' असेच नाव आहे. तेथून तो चाळून, निरनिराळ्या जातींचे मिश्रण करून, यांत्रिक पोहऱ्यांनी उंच चढविला जाई आणि वरून बॉयलरांच्या भट्टीत, सरकत्या लोखंडी जाळीवर, पडत राही. जाळी हळूहळू पुढे सरकते, तिच्यावरचा कोळसा जळत जळत दुसऱ्या टोकाला पोहोचतो, आणि तेथे त्याची राख होऊन ती खाली पडते. इकडे भट्टीभोवतीच्या नळ्यांतून पाण्याची वाफ होते, ती आणखी तापविली जाते, आणि प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर आदळते.

टर्बाइन ही कल्पना जितकी साधी तितकीच क्रांतिकारक होती. त्यापूर्वीची वाफेची इंजिने दट्ट्या पुढेमागे ढकलीत व मग त्या ये-जा करणाऱ्या गतीची चक्राकार गती करावी लागे. चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअराने १८८४ साली वाफेच्या झोताने थेट पात्यांचे चाकच फिरविले. त्याचे पहिले यंत्र जेमतेम साडेसात किलोवॅटचे होते. पण ते मिनिटाला १८,००० फेरे घेत असे! त्या गतीला जुळेल असे जनित्र त्यालाच नव्याने बनवावे लागले. मायकेल फॅरडेने १८३१ साली तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक घेऊन जे दाखविले, तेच या जनित्रात मोठ्या प्रमाणावर चालते: चुंबक फिरतो, वेटोळ्यांत वीज उपजते.

आणि वाफ काम करून बाहेर पडली की तिचे काय? येथे नदीचे प्रयोजन येते. थकलेली वाफ टर्बाइनखालच्या कंडेन्सर नावाच्या पात्रात शिरते. त्या पात्रातील नळ्यांमधून नदीचे थंड पाणी वाहत असते; त्यांच्या बाहेरच्या अंगाला लागून वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते परत बॉयलरकडे जाते. नदीचे पाणी व बॉयलरचे पाणी एकमेकांपासून बोटभर अंतरावरून वाहतात, पण एक थेंबही मिसळू द्यावयाचा नाही. कारण तेझूच्या मुखाशी पाणी खारट, आणि बॉयलरच्या नळ्यांना शुद्ध केलेल्या पाण्यावाचून दुसरे चालत नाही. यामुळे वीजगृह नदीकाठी असणे ही काही देखाव्याची गोष्ट नव्हती. नदीने त्यास कोळसा आणून दिला व नदीनेच त्याची वाफ निवविली. आज बागेत बसून नदी आणि इमारत यांची जोडी किती रमणीय दिसते असे म्हणणाऱ्याने त्या जोडीमागचा हा संसार समजून घ्यावा अशी आमची विनंती आहे.

राहता राहिली राख. ती बॉयलरांच्या खालच्या तळघरात पडे, आणि तेथे ती ओढून, भरून, बाहेर काढणारी माणसे असत. साऱ्या वीजगृहात यापेक्षा कठीण काम दुसरे नव्हते. वरून निखाऱ्यांची धग, अंगावर बारीक राख, श्वासाला विषारी धूर. वर, जनित्रांच्या दालनात, स्वच्छ फरशी, चकाकणारे पितळ आणि दाबाचे काटे पाहणारा तंत्रज्ञ. खाली हा नरक. दोन्ही मिळून एकच यंत्र होते. लिस्बनच्या संग्रहालयाची थोरवी आमच्या मते हीच की, त्याने प्रेक्षकाला वर नेले तसे खालीही नेले. तेथे एका अजस्र बॉयलरच्या पोटात माणसाला प्रवेश करता येतो, त्याच्या भिंतींच्या नळ्या आणि सरकती जाळी डोळ्यांनी पाहता येते, आणि राखेचे तळघरही पाहता येते. १९९० साली जेव्हा ते लोकांस खुले झाले तेव्हा त्याचे नाव साधेच, 'विजेचे संग्रहालय', असे होते. आम्हांस ते नाव आवडते.

आता शेजारच्या स्मारकांकडे वळू. 'शोधांचे स्मारक' प्रथम उभे राहिले ते १९४० साली, सालाझारच्या राजवटीने भरविलेल्या 'पोर्तुगीज जगताच्या प्रदर्शना'त. राष्ट्राच्या स्थापनेस आठशे वर्षे आणि स्पेनच्या जोखडातून सुटल्यास तीनशे वर्षे झाली म्हणून तो महोत्सव होता. वसाहतींचा एक स्वतंत्र विभाग होता आणि त्यात वसाहतींतील माणसेही आणून मांडली होती! ते स्मारक त्या वेळी तात्पुरते, प्लास्टर वगैरे नाशिवंत द्रव्यांचे होते. प्रदर्शन संपल्यावर काही काळाने ते पाडण्यात आले व वीस वर्षांनी पुन्हा पक्के बांधले. ज्या वर्षी हे प्लास्टरचे वैभव उभे राहत होते, त्याच सुमारास, काठाकाठाने चालत गेल्यास फार वेळ लागू नये इतक्या अंतरावर, तेझूच्या वीजगृहात उच्च दाबाच्या नव्या बॉयलरांसाठी इमारत चढत होती; १९३८ पासून ते काम चालू होते. एकीकडे साम्राज्याचे सोंग, दुसरीकडे शहराच्या दिव्यांचे खरे काम. आज सोंग पाहण्यासाठी अधिक गर्दी असते. बुरुजापुढे लोक रांगा लावतात, स्मारकाच्या माथ्यावर चढतात, जवळच्या दुकानांतील प्रसिद्ध गोड पुऱ्या खातात, आणि वीजगृहावरून जाताना त्याचे एखादे छायाचित्र काढून पुढे होतात.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाच्या ध्यानात आणून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बेलेमहून याच काठाने समुद्राच्या दिशेने आणखी पुढे गेले असता काशियश हे गाव लागते. तेथील किल्ल्याच्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे यांना सालाझारच्या सरकारने कोंडून ठेविले होते. गोवे स्वतंत्र झाले तरी त्यांची सुटका झाली नाही. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. म्हणजे ज्या वर्षी 'शोधांचे स्मारक' पक्क्या स्वरूपात उघडले गेले त्यानंतरही आठ-नऊ वर्षे, त्या शोधांचे फळ भोगणारा एक मराठी माणूस त्याच पाण्याच्या काठी बंदिवान होता. बेलेमच्या कोणत्या दगडावर हे कोरलेले आहे? दगडी स्मारकाचा स्वभावच असा असतो की, ज्याने ते बांधविले त्याला जेवढे आठवावयाचे असते तेवढेच ते आठवते. यंत्राचे तसे नसते. यंत्र बांधणाऱ्याला राखेचे तळघर लपवावयाचे असले तरी त्याला ते बांधावेच लागते. त्यावाचून वर दिवा लागत नाही. म्हणून यंत्र, जसेच्या तसे राखले तर, आपल्या मालकाविरुद्धही साक्ष देते. तेझूचे वीजगृह निष्पाप होते असे आम्ही म्हणत नाही. ते एका गॅस-वीज कंपनीचे होते, नफ्यासाठी चालत होते, आणि त्याच राजवटीच्या शहराला उजेड देत होते. पण ते पाप झाकण्याची सोय त्याच्या रचनेत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता पहिल्या प्रकारच्या लोकांचा समाचार. लंडनमध्ये थेम्सच्या काठी बँकसाइड नावाचे वीजगृह होते. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या नामांकित वास्तुशिल्प्याने त्याची आखणी केली होती. ते तेलावर चालत असे व १९८१ साली बंद पडले. पुढे तेथे आधुनिक कलेचे संग्रहालय करावयाचे ठरले, आणि २००० साली ते 'टेट मॉडर्न' या नावाने उघडले. हल्ली जगातील अत्यंत लोकप्रिय कलासंग्रहालयांत त्याची गणना होते. ज्या दालनात पूर्वी टर्बाइने होती ते दालन १५२ मीटर लांब व ३५ मीटर उंच आहे, आणि त्याला आजही 'टर्बाइन हॉल' असेच म्हणतात. फक्त त्यात टर्बाइन नाही! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही आमची म्हण त्या दालनाच्या दारावर लावण्यासारखी आहे. तेथे भरणाऱ्या प्रदर्शनांविषयी आमची तक्रार नाही; त्यांतील काही खरोखरच भव्य असतात. परंतु जी पोकळी पाहून प्रेक्षक दिपून जातात ती पोकळी कशामुळे इतकी मोठी आहे हे सांगणारी वस्तूच तेथून नाहीशी केली. हत्ती काढून घेऊन हत्तीखान्याच्या उंचीचे कौतुक करावे, तसे हे झाले.

दुसरा प्रकार रोममध्ये पाहावयास मिळतो. टायबर नदीपासून दूर नसलेल्या ओस्तियेन्से रस्त्यावरील माँतेमार्तीनी वीजगृह १९१२ साली सुरू झाले. तेथे तेलाची इंजिने होती, वाफेची टर्बाइनेही होती. १९६३ साली ते बंद पडले. १९९७ साली रोमच्या एका प्राचीन संग्रहालयाच्या इमारतीची दुरुस्ती चालू असता तेथील संगमरवरी मूर्ती तात्पुरत्या या वीजगृहात आणून मांडल्या, आणि त्या प्रदर्शनाला 'यंत्रे आणि देव' असे नाव दिले. तात्पुरती मांडणी पुढे कायम झाली. काळ्या करड्या लोखंडापुढे पांढरी व्हीनस: दृश्य विलक्षण सुंदर आहे, हे नाकारणारा अरसिकच म्हटला पाहिजे. यंत्रेही जागच्या जागी आहेत, कोणी ती विकली नाहीत. पण त्या दालनात यंत्राचे काम काय राहिले? व्हीनसची कांती खुलविण्याचे! लग्नघरी नवरीच्या शेजारी सावळी करवली मुद्दाम बसवावी, त्यातलाच हा प्रकार. प्रेक्षक मूर्तीचा काळ, शिल्पी आणि झीज यांवरील टीप वाचतो. मागच्या यंत्राला तो 'वातावरण' म्हणतो. एकदा यंत्राचे वातावरण झाले की त्याला राख उरत नाही.

लिस्बनमध्येही आता हेच व्हावयास लागले आहे अशी आम्हांस भीती वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे तेच कारण आहे. २०१६ सालच्या ऑक्टोबरात वीजगृहाला लागून, त्याच काठावर, अमांडा लेव्हेट या इंग्रज स्त्री-वास्तुशिल्पीने आखलेली एक नवी इमारत उघडली. ती पांढऱ्या कौलांसारख्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढविलेली, लाटेसारखी बुटकी आहे, आणि तिच्या छपरावरून लोक चालत जातात. इमारत म्हणून ती आम्हांस नापसंत नाही. विटांच्या थोराड शेजाऱ्यापुढे तिने मान वर काढली नाही हा तिचा विनय आहे. परंतु तिच्याबरोबर नावही बदलले. 'विजेचे संग्रहालय' गेले आणि 'कला, वास्तुकला आणि तंत्रविद्या यांचे संग्रहालय' आले. पंगतीत तंत्रविद्येचे पान कितवे मांडले आहे ते वाचकांनीच मोजावे. ज्या घरात ती मालकीण होती त्या घरात ती आता आश्रित आहे. जुन्या वीजगृहाच्या काही दालनांतही आता आधुनिक कलेची प्रदर्शने भरतात. बॉयलर आणि जनित्रे अद्यापि जागेवर आहेत, तळघर अद्यापि आहे. परंतु पाहुण्याने आधी ओसरी मागितली, मग माजघर, तर पुढे काय होते हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

यावर कलावंतांची बाजू घेऊन कोणी म्हणेल, 'तुम्ही प्राध्यापक लोक शुष्क. जुने यंत्र एकदा पाहून झाले की कोण पुन्हा येतो? कला नित्य नवी असते. तिच्यामुळे लोक येतात, आणि लोक आले म्हणजे यंत्राकडेही पाहतात.' या युक्तिवादात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण मग हाच न्याय जेरोनिमुश मठाला का लावीत नाहीत? गामाचे थडगेही एकदा पाहून झाले की झाले. तेथे दर महिन्यास नवे प्रदर्शन भरवून गर्दी टिकवावी असे कोणी सुचवीत नाही, कारण ते स्मारक आहे असे सर्वांनी मनोमन धरले आहे. यंत्राला मात्र आपली भाकरी रोज नव्याने मिळवावी लागते. म्हणजे वाद गर्दीचा नाहीच. वाद या गोष्टीचा आहे की, यंत्र ही मनुष्याच्या बुद्धीची कृती म्हणून मठाच्या पंगतीला बसविण्यास आमचे सुसंस्कृत मन तयार नाही. दाते घासणे, पाती बसविणे, नळीतील गळती कान लावून ओळखणे, यांत जी बुद्धी आहे तिला आम्ही कारागिरी म्हणतो व तेवढ्यावर तिची बोळवण करतो.

याहून गंभीर असा दुसरा आक्षेप आहे आणि तो तरुण पिढीकडून येतो, म्हणून त्याचा आम्ही आदराने विचार करतो. तो असा: कोळशाच्या धुराने पृथ्वीचे हवामान बिघडविले, पोर्तुगालने तर आपले शेवटचे कोळशाचे वीजगृह २०२१ च्या नोव्हेंबरात बंद केले, अशा वेळी त्या अपराध्याची बागेत प्रतिष्ठापना कशाला? आमचे उत्तर असे की, अपराध झाला असेल तर पुरावा जपून ठेवावा लागतो. पुरावा नष्ट करण्याची घाई ज्याला असते त्याच्याविषयी न्यायालयास संशय येतो. कोळशावाचून चालणारे दिवे ज्या मुलाने जन्मापासून पाहिले आहेत, त्याला एक दिवा लावण्यासाठी किती काळे डोंगर उतरवावे, चढवावे, जाळावे लागत हे कशावरून कळावे? आकड्यांवरून कळत नाही. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून, सरकती जाळी आणि तिच्याखालचा राखेचा खड्डा पाहून कळते. मात्र त्यासाठी खड्डा दिसला पाहिजे. पितळ चकचकीत करून, खड्ड्यावर काच घालून, तिच्याखाली निळा दिवा सोडला, की पुराव्याचा दागिना होतो. आक्षेप घेणाऱ्या तरुणांचे आणि आमचे भांडण खरे पाहता नाहीच. आम्हा दोघांचाही प्रतिपक्ष तो निळा दिवा आहे.

वाफेच्या यंत्रांचे भक्त म्हणून एक तिसरी मंडळी आहे. त्यांना शिट्टी, धूर, तेलाचा वास, जुने दिवस यांची ओढ असते. निरुपद्रवी मंडळी, त्यांच्या हातून बरीच यंत्रे वाचली आहेत हेही खरे. त्यांना फक्त एवढेच विचारावे की, या जुन्या दिवसांत आपण वरच्या दालनात होता की तळघरात?

हे सारे लिस्बनचे झाले. आमच्याकडे काय आहे? नाशिकजवळ एकलहरे येथे, गोदावरीपासून जवळच, वाफेचे वीजगृह आहे. त्याचे पहिले दोन संच १९७०-७१ साली सुरू झाले व पुढे चाळीस वर्षांनी सेवेतून काढले गेले. कोराडीचे आणि परळीचे कित्येक जुने संचही असेच निवृत्त झाले आहेत. मराठवाड्यात आणि खानदेशात ज्या वर्षी पहिल्याने खेड्यांत दिवे लागले, विहिरींवर पंप बसले, त्या वर्षांची ही यंत्रे. महाराष्ट्राच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात यांच्याइतके काम फारच थोड्या नेत्यांनी केले असेल. पण पुतळे कोणाचे होतात हे वाचकांस ठाऊक आहे. निवृत्त संचाचे आमच्याकडे एकच होते. त्याचे लोखंड, तांबे आणि जस्त यांचे वजन काढले जाते, निविदा निघतात, आणि ते किलोच्या भावाने जाते. एका टर्बाइनची पाती, एक जनित्र, त्याखालचा कंडेन्सर आणि बॉयलरचा एक तुकडा, एवढे जरी गोदावरीच्या काठी एखाद्या साध्या छपराखाली मांडून ठेविले, तरी नाशिकच्या मुलांना रामकुंडाइतकेच ते पाहण्यासारखे होईल. खर्चाची सबब कोणी सांगू नये. आमच्या नगरपालिकांच्या बागांत सिमेंटचे जिराफ ज्या पैशांत उभे राहतात त्या पैशांत हे सहज बसते.

पण समजा, उद्या कोणा अधिकाऱ्याच्या मनात आले आणि खरोखरच असा संच मांडला गेला, तरी आमचे समाधान होणार नाही. कारण लिस्बनचे उदाहरण आमच्यापुढे आहे. यंत्र उचलून आणता येते, राख आणता येत नाही. ती माणसांच्या आठवणीत असते, आणि आठवणींना शब्द लागतात. येथे आम्ही आमच्या साहित्यिक मित्रांवर दोषारोप करतो. जात्याने मराठीला ओवी दिली, मोटेने गाणी दिली. वाफेच्या यंत्राने काय दिले? नारायण सुर्वे यांच्यासारख्या एखाद्या कवीने गिरणीतल्या माणसाला मराठी कवितेत मानाने आणून बसविले. पण वीजगृहातील बॉयलरमनचे काय? ज्या विजेच्या उजेडात आमच्या दोन पिढ्यांनी कादंबऱ्या लिहिल्या व वाचल्या, ती वीज करणाऱ्या माणसाचे साधे आत्मवृत्तही आमच्या हाती सहज लागत नाही. त्याची स्वतःची एक बोली असते. इंग्रजी नावांची मोडतोड करून त्याने हत्यारांना, झडपांना, बिघाडांना नावे दिलेली असतात. ती कोणत्याही कोशात नाहीत, आणि ती उच्चारणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. विद्यापीठांतून दरसाल शेकड्यांनी मराठीचे प्रबंध बाहेर पडतात. त्यांतील एखाद्या विद्यार्थ्याने संतकवींच्या उपमांची एकशे एकावी गणना करण्याऐवजी एकलहऱ्याच्या वसाहतीत सहा महिने जाऊन बसावे, आणि तेथल्या निवृत्त माणसांना बोलते करावे. त्यांना विचारावयाच्या गोष्टीही अवघड नाहीत: रात्रपाळीला भट्टीची जाळी अडकली तर काय करीत, पावसाळ्यात कोळसा भिजून आला तर आग कशी राखीत, राख काढावयाला कोणाला पाठवीत, आणि त्याला त्या कामाचे वेगळे पैसे मिळत की नाही. आमच्या वाचकांपैकी कोणी त्या पाळीत काम केले असेल तर खाली उतरताना तोंडाला काय बांधीत असत, एवढे तरी त्याने या मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवावे. भाषेची चिंता करू नये. जसे बोलतो तसे लिहावे.